दहा दुभत्या गायींच्या गोठ्यातलं बकेट मिल्किंग मशीन

ज्या घरात धार काढणारं माणूस एकच आहे, त्या घराने हे मशीन घ्यावं. फक्त वेळ वाचवायला घेत असाल तर मात्र आधी पुढचं वाचा. वेळ वाचतो, पण विकणारे सांगतात तेवढा नाही. धारेत वाचलेला बराचसा वेळ मशीन धुण्यात जातो. आमच्या घराला त्याचा जो खरा उपयोग झाला तो वेगळाच आहे.

आमच्याकडे दहा दुभत्या गायी आहेत. दोन जर्सी, बाकी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. मी या घरात आले तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारा सासूबाईंच्याच. गायींना त्यांच्याच हाताची सवय. दुसरं कुणी खाली बसलं की दूध चोरायच्या, कास भरलेली दिसायची आणि बादलीत निम्मं दूध पडायचं. त्यामुळे अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, नात्यात कार्य असो, सासूबाईंना संध्याकाळच्या धारेला गोठ्यात परत यावंच लागे. शेवटी शेवटी त्यांच्या बोटांची पेरं पहाटे वळेनात. कोमट पाण्यात हात बुडवून बसायच्या आणि बोटं सुटली की गोठ्याकडे निघायच्या. ते रोज बघवत नव्हतं.

मशीन म्हणजे चाकांच्या गाड्यावर बसवलेली मोटर, हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप, ओढ किती आहे ते दाखवणारा गेज, ती ओढ मध्ये मध्ये सैल करणारा पल्सेटर, २५ लिटरची स्टीलची बादली आणि सडांना लावायच्या चार कपांचा एक जुडगा, म्हणजे क्लस्टर. घरच्या सिंगल फेजवर चालतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या आकाराच्या मशीनची मांडणी सगळीकडे जवळपास सारखीच असते, आणि ज्या अडचणी मी लिहिणार आहे त्या कुणालाही येऊ शकतात.

घरात पहिला विरोध सासूबाईंचाच होता. यंत्र गाईचं रक्त ओढून घेतं, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ही भीती उगाच नाही. स्कॉटलंडमध्ये विल्यम मर्चलँड यांनी १८८९ साली जे यंत्र काढलं, त्याची ओढ सलग होती. अशा सलग ओढीने सडात रक्त साकळतं, सड सुजतात. पुढे १८९५ मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्स यांनी ओढ मध्ये मध्ये सैल करणारं यंत्र आणलं. आजचा पल्सेटर हेच काम करतो. कपाच्या आतला रबरी लायनर उघडला की दूध येतं, मिटला की सड हलका दाबला जातो आणि रक्त मागे फिरतं. मिनिटाला साधारण ६० वेळा हे होतं, आणि प्रत्येक फेरीत उघडण्याचा वाटा सुमारे ६० टक्के, मिटण्याचा ४० टक्के असतो. एवढं सगळं सांगूनही सासूबाईंना पटेना. मग माझ्या मुलीने मशीन चालू केलं आणि त्यांना अंगठा कपात घालायला लावला. बराच वेळ त्यांनी अंगठा बाहेर काढला नाही. मग म्हणाल्या, "अगं, वासरू असंच तर ओढतं." त्यानंतर त्यांनी कधी विरोध केला नाही. मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःचा अंगठा घालून बघावा. दाब सुटताना जाणवला नाही तर ते मशीन गाईला लावू नये.

गायींची सवय ही दुसरी गोष्ट. मशीन आल्या आल्या लावायला जाऊ नका. आम्ही सुरुवातीला धार हातानेच काढली आणि मशीन नुसतं गोठ्यात चालू ठेवलं. गायी आवाजाला सरावल्यावरच कप लावले. घाबरलेली गाय पान्हा सोडत नाही, यात हट्टाचा भाग काही नसतो. कास हाताळली की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून कासेपर्यंत पोचायला मिनिट-दीड मिनिट लागतं आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. गाय दचकली की अंगात अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि पान्हा अडतो. म्हणून गोठ्यात ओरडायचं नाही, काठी उचलायची नाही, कुत्रं आत येऊ द्यायचं नाही, हा नियम मशीनमुळे आमच्याकडे कायमचा झाला. आधी हे सगळं सासूबाई एकट्या सांभाळत होत्या, आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेल्या गायी सगळ्यात लवकर शिकल्या, त्यांना हाताची आठवणच नव्हती. जुन्यांपैकी मोरी अजूनही अर्धी लाथाळ आहे. तिचे मागचे सड आखूड आणि पुढचे लांब आहेत, कप नीट बसत नाहीत आणि हवा आत शिरून सूं सूं आवाज येतो. तिची धार हातानेच काढतो. गोठ्यात अशी एखादी गाय असतेच. ती बदलायच्या मागे लागू नका आणि तिच्यासाठी मशीनला नावंही ठेवू नका.

रोजची रीत सांगते. सड पुसले की प्रत्येक सडातल्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या वाटीत काढायच्या. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्ताची छटा काळ्यावर लगेच दिसते. मग सड स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायचे, प्रत्येक गाईचं फडकं वेगळं. कोरडं हा शब्द महत्त्वाचा आहे. ओल्या सडावरून कप घसरतो आणि कासेवरचं घाण पाणी सरळ दुधात उतरतं. मग डाव्या हातात क्लस्टर धरायचा आणि प्रत्येक कपाची आखूड नळी मुडपून ओढ बंद ठेवायची. कप सडाच्या टोकाशी नेला की नळी सरळ करायची. कप स्वतःहून वर चढतो. चारही बसले की क्लस्टरची पारदर्शक वाटी पांढरी होते आणि नळीतून दूध धक्क्याधक्क्याने बादलीकडे जाऊ लागतं. धार बारीक झाली की आधी व्हॅक्यूम बंद करायचा, क्षणभर थांबायचं, मग क्लस्टर आपोआप हातात येतो. चालू ओढीत कप ओढून काढला तर सडाचं टोक दुखावतं. शेवटचा थेंब मिळवायला कप लावून ठेवण्याचा मोह अजिबात धरू नये. रिकाम्या सडावर ओढ राहिली की टोकाची कातडी जाड आणि खरखरीत होते आणि जंतूंना तिथेच घर मिळतं. धार संपताच सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि गाईपुढे वैरण टाकायची. धारेनंतर साधारण अर्धा तास सडाचं तोंड पुरतं मिटलेलं नसतं. तोवर गाय उभी राहिलेली बरी, शेणात बसायला नको.

आता ज्या उपयोगाचं म्हणत होते तो सांगते. हे सगळे टप्पे ठरलेले आहेत, त्यामुळे ते कुणालाही शिकता येतात. सासूबाईंच्या हातची कला आमच्यापैकी कुणाला आली नसती, पण ही रीत सगळ्यांना आली. सकाळची धार आता हे काढतात, संध्याकाळची मुलगी आणि मी मिळून. धाकटा दीर सुट्टीत आला की तोही उभा राहतो. सासूबाई बहिणीकडे मुक्कामाला गेल्या आणि दूध कमी झालं नाही. परत आल्यावर त्यांनी आधी गोठ्यात जाऊन एकेका गाईची कास चाचपली, आणि सगळं जागेवर आहे म्हटल्यावरच चहा घेतला.

ती चाचपणी अजूनही त्यांचीच आहे. मशीनला बोटं नाहीत. हाताने काढणाऱ्याला कासेचा एक कप्पा गरम लागतोय, एक सड घट्ट झालाय, हे धार सुरू असतानाच कळतं. मशीन गुपचूप ओढत राहतं. दगडी, म्हणजे कासेचा दाह, सुरू झाली तरी ते सांगणार नाही, उलट त्या गाईचे जंतू लायनरमधून पुढच्या गाईला नेऊन देईल. म्हणून आमच्याकडे क्लस्टर लावायच्या आधी सासूबाईंचा हात चारही कप्प्यांवरून फिरतो. शंका आली की सीएमटीचं, म्हणजे दगडी ओळखायच्या चाचणीचं द्रावण काढतो. चार खणांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं दूध, तेवढंच द्रावण, आणि ताटली गोल फिरवायची. दूध चिकट, बुळबुळीत झालं तर त्या कप्प्यात दोष आहे. अशी गाय सगळ्यात शेवटी घेतो आणि तिचं दूध वेगळं काढतो. औषधाचा डोस चालू असलेल्या गाईचं आणि चिकाचं दूधही असंच बाजूला ठेवतो. क्रम एकदा ठरवा आणि मोडू नका: निरोगी गायी आधी, संशयित शेवटी.

धुण्याचं काम माझं. मशीन घेऊन वर्षभरात कोपऱ्यात टाकणारी जी घरं मी पाहिली, तिथे धुणं हेच कारण होतं. धार संपली की आधी कोमट पाणी ओढून घ्यायचं. गरम नको, दुधातली प्रथिनं शिजून नळीला चिकटतात. मग ६०-७० अंशांच्या पाण्यात अल्कली पावडर टाकून फिरवायची, ब्रशने लायनर आणि क्लस्टरची वाटी घासायची, शेवटी स्वच्छ पाणी. पाणी गार होईपर्यंत फिरवत बसू नये, सुटलेलं लोणी परत चिकटतं. आमचं पाणी जड आहे, त्यामुळे आठवड्यातून एकदा अ‍ॅसिडचं द्रावणही वापरावं लागतं, नाहीतर नळीत पिवळसर थर बसतो. अल्कली आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करायचे नाहीत, आणि दोन्ही डबे मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवायचे. सगळे भाग उलटे टांगून निथळू द्यायचे. हे काम दिवसातून दोनदा, एकही धार न चुकता करायचं आहे. ते कोण करणार, हे मशीन आणण्याआधी घरात बसून ठरवा.

लायनरबद्दल विक्रेते फार बोलत नाहीत. वरून नवा दिसणारा रबरही आतून मऊ पडतो, त्याला बारीक भेगा जातात आणि त्या भेगांत जंतू राहतात. रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर बदलावेत असा नियम आहे. मोरी सोडून नऊ गायी, दोन वेळा, एकच क्लस्टर, म्हणजे दिवसाला १८ धारा. साधारण १३९ दिवस, सुमारे साडेचार महिने. आम्ही बदलायची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवतो. चारही एकदम बदलायचे, एखाद-दुसरा नाही.

तक्रारी आहेत. सोबत आलेली पुस्तिका इतकी त्रोटक होती की क्लस्टरवरच्या बारीक भोकाचा तिच्यात उल्लेखच नव्हता. त्या भोकातून थोडी हवा आत जाते म्हणून दूध पुढे सरकतं. ते शेणाने किंवा दुधाच्या साईने बुजलं की वाटी भरते आणि दूध सडाकडे परत उसळतं. रोज सुईने साफ करायचं असतं, हे आम्हाला मेकॅनिकने सांगितलं. गाड्याची चाकं छोटी आहेत, शेणावर आणि फरशीच्या सांध्यांवर अडतात. भरलेली बादली उचलायला दोन माणसं लागतात. तेलावर चालणारा पंप असल्याने तेलाची पातळी बघावी लागते, आणि धुराची नळी गोठ्याबाहेर सोडावी लागते. दुधाला वास चटकन लागतो.

गेजवर मात्र मी खूश आहे. बकेट मशीनचा व्हॅक्यूम ४० ते ४५ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ३०० ते ३४० मिलिमीटर असावा. आकडा चढला तर सडांना इजा, उतरला तर कप गळून पडतात. आमच्या गेजचा काटा मोठा आणि ठळक आहे, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसतो. घेताना हे बघाच.

वीज गेली की हातच. त्यामुळे मूठ धरून धार काढणं मुलीलाही शिकवून ठेवलंय, अंगठा मुडपून नाही, त्याने सडाला गाठी येतात. म्हशी असतील तर विचारपूर्वक घ्या. त्यांच्या सडाचं तोंड घट्ट असतं, पान्हा यायला वेळ लागतो आणि ओढही जास्त लागते. गाईचं सेटिंग तसंच वापरून चालत नाही. दोन-तीनच गायी असतील तर दुधापेक्षा धुणंच जास्त होईल, हाताने काढलेलं बरं.

आमच्या दोन कालवडी गाभण आहेत. त्या व्यायल्या की दुसरा क्लस्टर जोडायचा विचार आहे. पण दोन क्लस्टर एकदम चालू असताना काटा स्थिर राहतो का, हे आधी मेकॅनिककडून तपासून घेणार आहे. पंप पुरला नाही तर एकाच क्लस्टरवर सगळ्या गायी काढू आणि पहाटे थोडं लवकर उठू.