ड्रायरची 'पीसीबी बदलली' म्हणून 7,800 रुपये घेतले, आणि आत तार पिळून ठेवली

आमच्या कपड्यांच्या ड्रायरची पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जळली असं सांगून एका माणसाने 7,800 रुपये नेले. पीसीबी त्याने बदललीच नव्हती. पैशांचा राग आहेच, पण त्याने मशीनच्या आत जे करून ठेवलं होतं त्याने घराला आग लागू शकली असती, म्हणून सविस्तर लिहितेय.

ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकमधला कपडे पिळणारा टब नव्हे. गरम हवेत कपडे फिरवून पूर्ण सुकवणारं आणि दमट हवा मागच्या पाइपातून बाहेर सोडणारं वेगळं मशीन. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे टॉवेल वाळत नाहीत, नुसते कुबट होतात, त्यात घरात तान्हं बाळ आणि दुपट्यांचे ढीग. तेव्हा हे मशीन घेतलं आणि ऐन पावसात ते रुसलं. ड्रम फिरतोय, दिवे लागतायत, टायमर चालतोय, पण कपडे आत टाकले तसेच ओलेगार बाहेर. गरम हवाच नाही.

इंटरनेटवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर ठाणे' टाकलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. पलीकडच्या मुलीने कंपनीचं नाव घेऊनच 'आपलं स्वागत आहे' म्हटलं, मॉडेल विचारलं, 'आजच माणूस पाठवते' म्हणाली. कंपनीचा म्हणावा असा तक्रार क्रमांकाचा एसएमएस मात्र आला नाही. संध्याकाळी एक जण आला. शर्टावर लोगो होता, गळ्यात ओळखपत्र नव्हतं. मागचं झाकण न उघडताच त्याने प्लगला टेस्टर लावला आणि निकाल दिला, 'मॅडम, पीसीबी गया है.' कंपनीत नवीन 11,000 ला पडेल, माझ्याकडे 'कंपनी रिफर्बिश्ड' आहे, 6,400 ला बसवून देतो.

मग मशीन पुढे ओढून तो मागे गेला, मला पाणी आणायला सांगितलं, नंतर 'जरा मेन स्विच बघा' म्हणून बाहेर धाडलं. परत आले तर झाकण लागलेलं, मशीन गरम हवा देतंय. जुनी पीसीबी मागितली, तर म्हणे ती कंपनीला जमा करावी लागते. बिलात पीसीबीचे 6,400, व्हिजिटचे 450 आणि 'डीस्केलिंग पावडर सर्व्हिस'चे 950. हे 950 रुपये मला आजही हसवतात. डीस्केलिंग म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर काढणं. तो वॉशिंग मशीनमध्ये किंवा गीझरमध्ये साचतो. ड्रायरला पाण्याचं कनेक्शनच नसतं! त्याने पावडरचं एक पाकीट फाडून ड्रममध्ये फडकंही फिरवलं होतं. पैसे यूपीआयने गेले ते कुठल्याशा व्यक्तीच्या नावावर. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, '90 दिवस वॉरंटी' एवढं पेनाने खरडलेलं.

पुढच्या काही धुण्यांतच कपडे नेहमीपेक्षा जास्त तापून येऊ लागले. बाळाच्या झबल्याचं इलास्टिक कडक झालं, मशीनच्या वरच्या पत्र्याला हात लावला की चटका बसायचा. एका रात्री करपल्याचा वास आला आणि नवऱ्याने प्लगच काढला. तो नंबर आता लागेना. वॉरंटी कार्डावरच्या खऱ्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं की आमच्या मशीनच्या सिरियल नंबरवर त्या महिन्यात कुठलीच तक्रार नोंदलेली नाही.

शेवटी आमच्या गल्लीत मिक्सर-फ्रिज दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी आधी प्लग काढलाय ना ते बघितलं, मग झाकण उघडलं आणि मला हाक मारली, 'वहिनी, इकडे या, हे बघूनच घ्या.' पीसीबीवर धुळीचा एकसारखा थर, त्यावर बोटाचा ठसासुद्धा नाही, कारखान्याचं स्टिकर जागच्या जागी. आणि हीटरच्या डब्याजवळ थर्मल फ्यूजच्या दोन्ही वायरी कापून एका तांब्याच्या तारेने एकमेकींना पिळलेल्या. वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, ती उष्णतेने वितळून चिकट झाली होती. वासाचा उगम तिथे होता.

हा फ्यूज बोटाच्या पेराएवढा असतो. हवा ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की तो कायमचा तुटतो आणि हीटरची वीज बंद होते. एमसीबीसारखा तो पुन्हा वर करता येत नाही, बदलावाच लागतो. रोजचं तापमान राखायला थर्मोस्टॅट असतो, आणि तो बिघडला तर शेवटचा पहारेकरी हा फ्यूज. आमचा थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून निभावलं. तो चिकटला असता, तर 2,000 वॅटचा हीटर बंद करायला आत काहीच उरलं नव्हतं.

बरं, मुळात फ्यूज उडाला का, याचं उत्तर बाल्कनीत होतं. हवा बाहेर टाकणाऱ्या लवचिक पाइपाच्या तोंडाला आम्ही कबुतरांसाठी बारीक जाळी लावली होती. कपड्यांतून सुटणारे तंतू, ज्याला लिंट म्हणतात, त्या जाळीत अडकून राखाडी नमद्यासारखा थर बसला होता. पाइपाच्या वळणातही तेच. दाराशी असतो तो लिंट फिल्टर आम्ही दर वेळी साफ करायचो, पण त्यातून सुटलेलं सगळं पाइपात जातं. दमट हवेला वाट नाही, मग आतली हवा तापत जाते आणि फ्यूज आपलं काम करतो. नुसता फ्यूज बदलला आणि पाइप तसाच ठेवला, तर नवाही उडतो. लिंट पेट घेते ती कापसासारखी भराभर. अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतो. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 या काळाच्या अहवालात दरवर्षी सुमारे 2,900 घरगुती ड्रायर-आगींचा अंदाज दिला आहे, आणि त्यांत सर्वांत मोठं कारण साफसफाई न होणं हेच आहे.

काकांनी फ्यूज नवा घातला, पाइप काढून झटकला, जाळी काढून मोठ्या छिद्रांची बसवली. मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. त्यांनी मल्टिमीटर, म्हणजे वीजजोडणी आणि रोध तपासायचं मीटर, लावून मला तपासणीही दाखवली. चांगल्या फ्यूजवर मीटर बीप करतं, उडालेल्यावर गप्प. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2,000 वॅटच्या हीटरचा रोध (रेझिस्टन्स) 26 ओहमच्या आसपास दिसला पाहिजे. तुम्ही स्वतः झाकण उघडू नका, मोटरला फिरायला मदत करणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. पण समोरच्याने हे मीटर काढलं तरी का, एवढं बघता येतं.

लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. मोटरचा नुसता 'हुम्म' आवाज येतो, ती फिरतच नाही, तर बहुधा कपॅसिटर. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण ड्रम जागचा हलत नाही, तर बेल्ट. ड्रम फिरतो पण गरम होत नाही, तर फ्यूज, थर्मोस्टॅट, हीटर. मशीन ठार बंद असेल तर आधी सॉकेट आणि दाराचा स्विच. पीसीबी कधीच जात नाही असं नाही, हीटरची वीज चालू-बंद करणारा रिले तिच्यावर असतो आणि तोही जळतो. पण मीटर न लावता, झाकण न उघडता कुणी पीसीबीचं नाव घेतलं, तर तिथेच 'नको' म्हणून दार दाखवा. पीसीबी हा फसवणाऱ्यांचा लाडका शब्द आहे, कारण ती महाग असते आणि बदलली की नाही ते आपल्याला कळत नाही. झाकण आपल्यासमोर उघडायला लावा, बोर्डच्या स्टिकरचा फोटो काढा, जुना भाग आपल्याकडे ठेवा. वॉरंटीबाहेरचं काम असेल आणि भागाचे पैसे आपण मोजले असतील, तर जुना भाग मागण्यात काहीच गैर नाही.

नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डावरून, मशीनवरच्या स्टिकरवरून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरून. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर इंडिया' पोर्टल सुरू केलं, त्यावरही अनेक कंपन्यांच्या सेवा केंद्रांची माहिती मिळते. खोट्या नंबरवाल्यांचा याहून वाईट प्रकारही आहे. 'नोंदणीसाठी 10 रुपये भरा' म्हणून लिंक किंवा एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल पाठवतात, नाहीतर स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. तसं झालं तर तासाभराचीही वाट न बघता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तक्रार तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलिसांकडे यूपीआय आयडीसह अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, 2 वर्षांच्या आत जाता येतं, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच दावा लावता येतो. अडचण एकच, नोटीस पाठवायला पत्ता हवा, आणि आमच्या हातात आहे एक बंद नंबर. पैसे अजून परत आलेले नाहीत.

तो नंबर नंतर मी सर्चमध्ये नुसता टाकून बघितला. ठाण्यातल्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं 'अधिकृत' सर्व्हिस सेंटर म्हणून तोच एक नंबर दिलेला होता, एके ठिकाणी तर गीझरवाल्यांचा म्हणून. कुठलाही कस्टमर केअर नंबर लावण्याआधी तो असा शोधून बघायला अर्धं मिनिट लागतं.