तीन मडक्यांचा कंपोस्टर, आठ महिन्यांनंतर

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला जूनमध्ये घेतला, म्हणजे सगळ्यात चुकीच्या महिन्यात. पुण्यात टू बीएचके, घरात चार माणसं, रोजचा ओला कचरा साधारण किलोभर. एकावर एक ठेवायची मातीची तीन मडकी, वरचं भरलं की खाली सरकवायचं आणि रिकामं वर घ्यायचं. सोबत कचऱ्यावर घालायला कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या कोरड्या भुशाची वीट आली होती, ती तीन आठवड्यांत संपली आणि मग मी नुसताच भाजीचा कचरा टाकत राहिले, वरून पावसाळी दमट हवा. व्हायचं तेच झालं. आंबूस वास, आणि एक दिवस सकाळी गॅलरीच्या भिंतीवर बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी अळ्या चढतायत! सासूबाई म्हणाल्या हे आत्ताच्या आत्ता खाली नेऊन टाक.

नाही टाकलं. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या, कचरा खाऊन मोठ्या झाल्या की कोशात जायला कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. पण हे सासूबाईंना अळी समोर वळवळत असताना पटवून बघा...

खरी भानगड ओल्या कचऱ्याची नाहीच, पाचोळ्याची आहे. कार्बन (जास्त करून कोरड्यातून) आणि नायट्रोजन (ओल्यातून) यांचं प्रमाण 30:1 च्या आसपास हवं असं म्हणतात, मी काही मोजत बसत नाही, एक वाटी ओलं तर एक वाटी कोरडं, थोडं जास्तच. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकलं तर अजून कोरडं घालायचं. पावसात पाचोळा मिळेना म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून घातले, चाललं. आता सोसायटीतल्या बदामाची पानं गळतायत, झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय जाळू नका म्हणून, तीन पोती भरून ठेवलीत पुढच्या पावसाळ्यासाठी. बाकी विरजण म्हणून आंबट ताक पुरतं, वेगळी पावडर मी परत घेतली नाही. आंब्याच्या कोयी आणि मक्याची कणसं मात्र टाकू नका, जूनमधली कोय अजून तशीच आहे.

मधल्या मडक्याची कड दोन महिन्यांत तडकली, विक्रेत्याने हात वर केले, सुतळी बांधून वापरतेय. शिवाय भरलेलं मडकं एकटीने उचलवत नाही, ते आधी कोणी सांगत नाही.

पहिलं खत निघायला अडीच महिने लागले. पिठाची जुनी चाळणी घेऊन बसले, आठ-नऊ किलो काळंभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. एक भाग खत तीन भाग माती असं कुंड्यांत घातलं तर कढीपत्त्याला आठवड्याभरात नवी पालवी आणि मोगऱ्याच्या कुंडीत न लावलेली टोमॅटोची सात रोपं! मडकं मोठ्या ढिगासारखं तापत नाही ना, बिया जिवंतच राहतात. दोन ठेवलीत, एकाला परवा फूल आलंय. सासूबाई रोज सकाळी बघून येतात, अळीचा विषय काढत नाहीत.