ग्नूकोबॉल ३.२ : सरावाला उत्तम, पण शेजारी जाणता हवा

बँका-विम्याच्या कामासाठी नवी मुलं तयार करायची, तर प्रत्येकाला मेनफ्रेमवर (बँकांच्या अवाढव्य संगणकावर) खातं देणं परवडत नाही. तिथल्या कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर असलेलं ग्नूकोबॉल ही अडचण बरीचशी सोडवतं. फुकट आहे, साध्या लिनक्स लॅपटॉपवर चालतं. कोबॉलचं आधी सी भाषेत रूपांतर होतं आणि मग सी कंपायलर त्याची चालणारी फाइल बनवतो. २०२३ सालची ३.२ आवृत्ती बॅच प्रोग्रॅमच्या (साठलेलं काम एकगठ्ठा उरकणाऱ्या) सरावाला पुरेशी भक्कम आहे.

पहिली ठेच रकान्यांची. जुन्या मांडणीत सातव्या रकान्यात खूण आणि ७२ पर्यंत मजकूर. त्यापुढचं कंपायलर वाचतच नाही. आजच्या एडिटरला हे ठाऊक नसतं. वाक्य ७३व्या रकान्यात गेलं की शेपूट गुपचूप कापलं जातं आणि चूक भलत्याच ओळीवर दिसते. त्याचा इशारा वेगळा मागून घ्यावा लागतो. रकान्यांचं बंधन नसलेली ‘फ्री’ मांडणी आहे, पण जुना कोड वाचायचाय तर तिची सवय न लागलेलीच बरी.

खरी मेख डेटात. एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ हे फील्ड घ्या, म्हणजे दशांशाआधी सात आणि नंतर दोन अंकांची, अर्ध्या बाइटला एक अंक अशी दाबून साठवलेली रक्कम. नऊ अंक आणि चिन्ह मिळून पाच बाइट, १२३४५६७.८९ ही रक्कम ‘१२ ३४ ५६ ७८ ९सी’ अशी बसते. दशांश चिन्हाला जागाच नाही, शेवटचा ‘सी’ म्हणजे धन, ‘डी’ म्हणजे ऋण. मेनफ्रेमवरून फाइल उतरवताना कुणी टेक्स्ट मोड निवडला, तर एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेताचं लॅपटॉपच्या आस्कीत रूपांतर होताना या बाइटांचाही चुराडा होतो. म्हणून फाइल बायनरीतच उतरवायची आणि अक्षरांची फील्डं तेवढी कॉपीबुक, म्हणजे फील्डांच्या मांडणीचा तक्ता, पाहून बदलायची. हेक्स डंपवर (फाइलमधल्या कच्च्या बाइटांच्या यादीवर) नजर टाकून ‘इथे कॉपीबुक एका बाइटने सरकलंय’ असं सांगणारा माणूस लागतो तो इथे. भाषा काय, चार-सहा आठवड्यांत येते. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी एप्रिल २०२० मध्ये कोबॉल येणाऱ्यांना जाहीर हाक दिली, ती चाळिशी ओलांडलेल्या प्रणालींसाठी होती. तिथे नुसती भाषा येऊन भागत नाही.

त्याच फील्डमध्ये अंकांऐवजी स्पेस आल्या आणि तुम्ही बेरीज केली, तर मेनफ्रेम एस०सी७ ही चुकीच्या डेटाची त्रुटी देऊन जागीच थांबतं. ग्नूकोबॉल मूळ सेटिंगवर हूं की चूं न करता पुढे जातं आणि बेरजेत भलताच आकडा येतो. कंपाइल करताना ‘डीबग’ पर्याय हमखास द्या, म्हणजे फील्डचं नाव सांगून थांबतं. सोबत कोबॉलची बोली ठरवणाऱ्या ‘एसटीडी’ पर्यायाला ‘आयबीएम’ द्या. हे दोन पर्याय नसतील तर सराव उलटा अंगाशी येतो, कारण मुलाला वाटतं आपला प्रोग्रॅम बरोबर आहे.

मेनफ्रेमवर पडद्यावरचे व्यवहार चालवणारं सीआयसीएस नाही, कामं सोपवायची भाषा जेसीएल नाही. डीबी२ सारख्या डेटाबेससाठी वेगळा प्रीकंपायलर जोडावा लागतो. पडद्यावरच्या व्यवहारांचं काम शिकवायचं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. पगार, व्याज, मासिक विवरणं अशा रात्रीच्या बॅचसाठी मात्र खुशाल घ्या.