बॅलीमनीतला मुक्काम: खोलीला तीन तारे, न्याहारीला पाच

खोली चिमुकली, शॉवर कोमट. सोडा ब्रेड मात्र गरमागरम. उत्तर आयर्लंडमधल्या या गावात मी आलो होतो जोई डनलॉपची, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यतींच्या दिग्गजाची, स्मृतिबाग बघायला. जोई २००० साली एस्टोनियातल्या टॅलिनला शर्यतीत मरण पावला. भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये नॉर्थ वेस्ट २०० या शर्यतीच्या सरावात, आणि रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या स्केरीजला. रॉबर्ट गेल्यावर दोनच दिवसांनी त्याचा धाकटा मुलगा मायकल तिथेच २५० सीसीची शर्यत जिंकला! अंगावर काटा येतो.

"बंद करा की या रस्त्यावरच्या शर्यती," न्याहारीला मी बोलून गेलो. मालकीणबाई चहा ओतत म्हणाल्या, "पोरं मग चोरून गाड्या पळवतील."

मला नाही पटलं. कडेला भिंती, खांब. चुकायला जागाच कुठे? बाईंनी उत्तर न देता जोईच्या फोटोवरची धूळ पुसली.

वायफाय बरं आहे.