हिरवी टिकखूण आणि गहाळ झालेल्या ६१ ओळी

मी सांगलीत टॅक्स आणि अकाउंट्सची कामं करते. ऑफिसात मी आणि एंट्री करणाऱ्या दोन मुली, क्लायंट साठेक. हे लिहिते आहे ते माझ्यासारखी छोटी ऑफिसं चालवणाऱ्यांसाठी. मला ज्या सॉफ्टवेअरवाल्याने फसवलं तो नेमका आपल्याच लोकांना गाठतो, तेही जुलैत, रिटर्नांचा ढीग पडलेला असताना.

२०२४च्या जुलैमध्ये फोन आला. "मॅडम, कुठल्याही बँकेचं पीडीएफ स्टेटमेंट दोन मिनिटांत टॅलीत." टॅली म्हणजे आम्ही हिशेब ठेवतो ते सॉफ्टवेअर. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडत पेढीचं चालू खात्याचं स्टेटमेंट तेव्हा माझ्या टेबलावर होतं. १८७ पानं. हाताने टाकायचं म्हणजे एका मुलीचे दहा-बारा दिवस, आणि त्या पेढीचं टॅक्स ऑडिट तोंडावर आलेलं. मी डेमो दाखवा म्हटलं.

एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून, तो माझ्या कॉम्प्युटरवर आला आणि म्हणाला, तुमचंच एखादं स्टेटमेंट द्या. मी माझ्या बचत खात्याचं तीन पानांचं दिलं. खरोखरच दोन मिनिटांत टॅलीला वाचता येणारी एक्सएमएल फाइल तयार झाली, टॅलीत इम्पोर्ट झाली, आणि त्याच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मोठी हिरवी टिकखूण आली: क्लोजिंग बॅलन्स (अखेरची शिल्लक) जुळला. मीही टॅलीत पाहिलं, पैशापर्यंत जुळत होता. वर्षाचे ६,०००, कायमचे घेतले तर १४,५००. मी कायमचे घेतले. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले. बिल विचारलं तर "जीएसटीचं बिल संध्याकाळी मेलवर येईल." ते आजवर आलेलं नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर, पैसे मात्र कुणाच्या तरी खासगी खात्यात, आणि बिल नाही. दुसऱ्या कुणाच्या वह्यांत हे दिसलं असतं तर मी तिथल्या तिथे हटकलं असतं.

आडत पेढीची १८७ पानं त्याच रात्री टाकली. टिकखूण आली. क्लोजिंग जुळला. ज्या ओळींचं लेजर, म्हणजे टॅलीतलं खातं, सापडलं नाही त्या सगळ्या सस्पेन्सला, म्हणजे तात्पुरत्या खात्यात गेल्या, नऊशेच्या वर एंट्र्या. हे नेहमीचंच असतं, म्हणून मुलींना सावकाश वर्गवारी करायला दिलं. दरम्यान शेठच्या मुलाने शेतकऱ्यांच्या बाकीची यादी मागितली, ती मी टॅलीतून काढून दिली.

इथे थोडं पेढीबद्दल सांगायला हवं. त्यांचे जुने मुनीम त्याच्या आदल्या दिवाळीला घरी बसले. कुणाची पट्टी (शेतमालाच्या विक्रीचा हिशेब) कधी चुकती झाली हे त्यांना तोंडपाठ असायचं. आता सगळं मुलाकडे, आणि मुलाचा भरवसा माझ्या यादीवर. ऑडिटच्या आधी जुनी बाकी मिटवून टाकू म्हणून त्याने ऑगस्टमध्ये नऊ शेतकऱ्यांना ४,१२,३०० रुपये एनईएफटीने पाठवले.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी तासगाव भागातले एक वयस्कर शेतकरी पेढीवर आले. खिशातून घडी घातलेली पट्टी काढून गादीवर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, पैसं दोनदा आल्यात की. हे तर मार्चातच दिलं हुतं तुमी." ४८,७५० रुपये. पट्टीवर मागच्या बाजूला त्यांच्या नातवाने पेनने पैसे जमा झाल्याची तारीख लिहून ठेवली होती.

शेठचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "ताई, तुमच्या यादीत काहीतरी गडबड आहे. एकदा बघून घ्या." एवढंच. तेवीस वर्षांचे संबंध आहेत, माझ्या वडिलांपासूनचे. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री छापील स्टेटमेंट, फूटपट्टी आणि लाल पेन घेऊन बसले. ४८,७५० ची ओळ सापडली. स्टेटमेंटमध्ये होती, टॅलीत नव्हती. ती पानाची शेवटची ओळ होती, आणि तिचं वर्णन लांब असल्यामुळे अर्धं पुढच्या पानावर गेलेलं. मग मी फक्त पानांचे शेवट तपासत गेले. जिथे जिथे शेवटच्या ओळीचं वर्णन पान ओलांडत होतं, तिथली ओळ सॉफ्टवेअरने गाळली होती. १८७ पानांत अशा ६१ ओळी. त्यांतल्या ४४ नावे, म्हणजे खात्यातून गेलेल्या पैशांच्या, एकूण २१,३७,४८० रुपये. १७ जमा, एकूण १७,५१,२६५.५० रुपये. फरक ३,८६,२१४.५०.

पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ओळ सुटू शकते, ते मी समजू शकते. पीडीएफमध्ये तक्ता नसतो, नुसतं कुठलं अक्षर कुठे काढायचं एवढंच असतं. कुठली ओळ कुठे संपते ते सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावं लागतं. पण ३,८६,२१४ रुपयांच्या ओळी गाळल्या तर क्लोजिंग जुळला कसा?

सस्पेन्स लेजर महिन्यांप्रमाणे लावलं आणि उत्तर दिसलं. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेला एक एंट्री, अशा बारा. यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) नाही, चेक नंबर नाही, वर्णन रिकामं. स्टेटमेंटमध्ये यांतली एकही नाही. बारांची बेरीज केली: ३,८६,२१४.५०. पैशापर्यंत तीच.

म्हणजे त्या सॉफ्टवेअरला ओळी सुटल्याचं कळत होतं. दर महिन्याला ते शिल्लक मोजत होतं, फरक काढत होतं, आणि तो सांगायच्या ऐवजी नऊशे एंट्र्यांच्या गर्दीत खोटी एंट्री घालून लपवत होतं. ही चूक नाही. कुणीतरी बसून, विचार करून हा प्रोग्राम लिहिला आहे, ती हिरवी टिकखूण यावी म्हणून.

टॅलीने हे का पकडलं नाही, असं मला दोघातिघांनी विचारलं. टॅली एक्सएमएल घेताना तारीख, लेजरचं नाव आणि व्हाउचरची, म्हणजे एका नोंदीची, नावे-जमा बाजू पाहते. त्या फाइलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने लिहिलेली असते, जमा अधिक चिन्हाने, आणि दोन्ही मिळून शून्य झालं की व्हाउचर आत. जी ओळ फाइलमध्ये आलीच नाही तिचा पत्ता टॅलीला लागणार कसा? "इम्पोर्टला एरर शून्य" याचा अर्थ इतकाच, की जे आलं ते नीट मांडलेलं होतं.

त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला टॅलीचा प्रॉब्लेम असेल. मग बारा एंट्र्या वाचून दाखवल्यावर म्हणाला, "मोठ्या फाइलसाठी वेगळं व्हर्जन आहे मॅडम, ९,००० भरा, लगेच करून देतो." मी बिल मागितलं. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

पण १४,५०० गेल्याचं दुःख मला कमी आहे. पायाखालची वाळू खरी सरकली ती दुसऱ्या दिवशी. नेट बंद असताना एक मुलगी म्हणाली, "ताई, हे आता चालतच नाहीये." तेव्हा लक्षात आलं, की फाइल माझ्या कॉम्प्युटरवर बदलली जात नव्हतीच. ती कुठल्या तरी सर्व्हरवर जात होती. तोवर मी सव्वीस क्लायंटची स्टेटमेंटं त्यात टाकली होती, त्या पीडीएफचे पासवर्डही मीच टाइप केले होते. कुणाचे हप्ते किती, कुणाला कधी पैसे येतात, शेतकऱ्यांची नावं, काही ओळींत खाते क्रमांक. लोकांनी विश्वासाने मला दिलेला कागद मी अनोळखी माणसाच्या हातात ठेवला.

सव्वीस जणांना मी स्वतः फोन केले. मेसेज नाही, फोन. काय झालं ते सांगितलं, कुणी बँकेच्या नावाने फोन करून तुमचे व्यवहार अचूक सांगितले तरी विश्वास ठेवू नका म्हटलं. दोघांनी काम काढून नेलं, त्यांना मी दोष देत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता. हाच फोन पहिल्या काही तासांत गेला तर रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा असते. तुमच्यावर वेळ आली तर आधी १९३०, मग बाकी सगळं.

सगळी सव्वीस खाती आम्ही पुन्हा केली. ऑडिट रिपोर्टची मुदत त्या वर्षी ३० सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबर झाली, म्हणून कसेबसे निभावलो. एका पतसंस्थेच्या स्टेटमेंटमध्ये तर तारखा उलट्या झाल्या होत्या, ५ जुलैची ७ मे. १३ तारखेपासून पुढचं सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो; म्हणून वरवर पाहताना कुणाच्या नजरेत येत नाही. नऊ शेतकऱ्यांपैकी सात जणांनी पैसे परत केले, दोघांचे पुढच्या पट्टीतून वळते करायचं ठरलं.

आता मी क्लायंटकडे पीडीएफ मागतच नाही. बहुतेक बँका नेट बँकिंगमधून एक्सेल किंवा सीएसव्ही देतात, आणि टॅलीप्राइमच्या ४.० पासून एक्सेल थेट घेता येतं. आधी बॅकअप, मग रिकाम्या कंपनीत इम्पोर्ट, आणि क्लोजिंगकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी ओळींची संख्या, मग नावेची एकूण बेरीज, मग जमेची एकूण बेरीज, स्टेटमेंटशी लावून. खोटी एंट्री घालून क्लोजिंग जुळवता येतो, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळवणं फार अवघड आहे. सस्पेन्समध्ये चेक नंबर किंवा यूटीआर नसलेली प्रत्येक एंट्री मी स्वतः स्टेटमेंटमध्ये शोधते.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या अकाउंटंटने मला व्हिडिओ पाठवला, घेऊ का म्हणून. सॉफ्टवेअरचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पण पडदा तोच आणि टिकखूणही तीच. तुम्हालाही असा फोन आला तर डेमोला तीन पानांचं स्टेटमेंट देऊ नका. बँकेचं नाव, खाते क्रमांक, माणसांची नावं बदलून बनवलेलं पन्नास-साठ पानांचं द्या, मधली एक ओळ मुद्दाम काढून टाका, आणि इंटरनेटची वायर काढून त्याला म्हणा, आता करून दाखवा.