काथ्याची जाळी आणि काथ्याचे लोड: व्हाळाच्या काठाला लावावेत का?

व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, काठ ढासळला की गोव्यात सहसा दोनच उपाय पुढे येतात: चिऱ्याची किंवा काँक्रीटची भिंत, नाहीतर पोकलेन घालून पात्र खोल नि सरळ करणं. दोन्हींनी पाणी पळतं. पात्र मीटरभर खाली गेलं की लगतच्या कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) विहिरीची पातळीही उतरते. पावसाळ्यात शेतात पसरून गाळ टाकणारं पाणी मग पात्रातच कोंडून धावतं, आणि वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भातशेतीला, ऐन फेब्रुवारीत पाण्याची ओढ बसते. काथ्याची जाळी काठ धरून ठेवते, पण पाण्याला कोंडत नाही. पाच-सहा मीटर रुंदीपर्यंतच्या, वरच्या टप्प्यातल्या व्हाळाला ती घ्यावी. भरती-ओहोटीच्या खाजन बांधाला (खाडीकाठच्या सखल शेतांच्या बांधाला) ती एकटी पुरत नाही. तिथं चिखल, चिरे आणि मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराची) वेळेवर दुरुस्ती हेच काम करतं.

माल बहुतेक केरळ-तामिळनाडूतून येतो. जाळी चौरस मीटरच्या वजनावर विकली जाते: ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम. ४०० ची जाळी सौम्य उतारावर गवत उगवेपर्यंत माती धरायला ठीक. पावसाळ्यात पाणी घासून जाणाऱ्या काठाला ७०० च घ्या. ९०० चं विणकाम इतकं घट्ट असतं की रोप लावायला जागोजाग भोक पाडावं लागतं, आणि कापलेला धागा तिथूनच उसवतो.

फसवणूक होते ती वजनात. ५० सेंमी बाय ५० सेंमीचा तुकडा कापून दिवसभर उन्हात वाळवा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. ७०० च्या जाळीचा तुकडा १७५ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १३० भरला तर गुंडाळी परत. दोन मीटर रुंद, ५० मीटर लांब सुक्या गुंडाळीचं वजन ७० किलो होतं. ओली गुंडाळी जड लागते म्हणून भुलू नका. मग एक धागा उलट्या दिशेनं पिळून पाहा. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हलक्या मालाचा पीळ दोन बोटांत सुटतो, आणि असा धागा पहिल्याच पुरात विस्कटतो.

लोड म्हणजे जाळीत काथ्या ठासून भरलेला लांब, गोल गुंडाळा. तो घेताना आतला काथ्या पाहा. ३० सेंमी जाड, ३ मीटर लांब सुका लोड २० किलोच्या खाली असेल तर आत पोकळी आहे. गाळ धरण्याऐवजी तो दबून चपटा होईल. बाहेरची जाळी काथ्याचीच मागा. प्लास्टिकची जास्त टिकते हे खरं, पण काथ्या कुजल्यावर ती पात्रात उरते आणि तिच्यात साप, बेडूक, मासे अडकतात.

लावणीत सगळ्यात महत्त्वाचा काठाचा पाया, आणि नेमका तोच चुकतो. उभा कापलेला काठ आधी उतरता करा: एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं अंतर, जागा नसेल तर निदान दीड. पायथ्याशी लोड तळाच्या खाली एक तृतीयांश तरी गाडा, दोन्ही बाजूंनी सव्वा मीटरच्या बांबूच्या खुंट्या साठ-साठ सेंमीवर ठोका आणि वरून सुंभानं आवळा. नुसता तळावर ठेवलेला लोड पाणी खालून पोखरतं, मग वरची जाळी कितीही भारी असो, झोळीसारखी लोंबते.

जाळीचं वरचं टोक काठावर ३० सेंमी खोल चरात गाडायचं, खालचं लोडाखाली दाबायचं. ती ताणू नका, सैल अंथरा. चिऱ्याचा तुकडा किंवा मूळ वर आलेलं राहिलं की जाळी तंबूसारखी उचलली जाते, पाणी तिच्याखालून वाहतं आणि वरून सगळं ठाकठीक दिसत असताना आत घळ पडते. पट्ट्यांचा जोड १५ सेंमीचा, वरच्या अंगाची पट्टी खालच्या अंगाच्या पट्टीवर, कौलं बसवतात तशी. उलट झालं तर पाणी कड उचलून पूर्ण पट्टी सोलून काढतं. खुंट्या मीटर-मीटरवर, जोडांवर त्याहून दाट.

जाळी दोन पावसाळे नीट टिकते, तिसऱ्यात चिंध्या होतात. तोवर मुळांनी काठ ताब्यात घेतला पाहिजे, म्हणजे आपण खरेदी करतो ती मुदत. वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे मे महिन्यात घाईनं अंथरलेली जाळी पैसे पाण्यात घालण्यासारखी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, माती ओली असताना काम करा. पायथ्याजवळ वाळा, त्याच्या वर निर्गुडीच्या फांद्या, माथ्यावर करंज. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाणी घालावं लागतं. गुरांना आत सोडू नका, आणि मार्चनंतर शेजारचं सुकं गवत पेटवू देऊ नका; सुका काथ्या भुरुभुरु जळतो.

वेग मोजल्याशिवाय मागणी देऊ नका. पूर आल्यावर दहा मीटर अंतर आखून सुका नारळ सोडा आणि काठावरूनच वेळ मोजा. चार सेकंदांहून कमी लागले तर तिथं जाळीवर भरवसा नको. साकवाच्या (लहान पुलाच्या) तोंडाशी आणि तीव्र वळणाच्या बाहेरच्या अंगाला पायथ्याशी दगड हवेतच.

अरुंद व्हाळात लोड आडवा टाकून पाणी वीस-तीस सेंमी उचलता येतं. दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर तरी घुसवा, नाहीतर व्हाळ बगल देऊन नवा काठ कापतो. लोडातून पाणी झिरपतं, ही तक्रार नव्हे. जिथं खाणींची लाल माती वाहून येते, डिचोली-सांगे भागातल्या व्हाळांत, तिथं लोड एका पावसात मागून भरतो; पुढच्या वर्षी त्याच्यावर दुसरा चढवायचा की गाळ काढायचा ते आधी ठरवा. शेताकडचा काठ मात्र मुद्दाम सखल ठेवा, पुराचं पाणी तिथूनच पसरायचं असतं. शेतमालकाची संमती आणि पात्रात काही घालायचं म्हणून जलस्रोत खात्याची परवानगी, दोन्ही कागद खरेदीआधी हातात हवेत.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी ओसरलं की पायथ्याशी काठी खुपसत चाला. काठी लोडाखाली सरळ आत गेली तर त्याच दिवशी तिथं दगड-माती भरा आणि खुंट्या पुन्हा ठोका.