बबलचा एअर बेड: घ्यावा, पण कूस बदलणं सोडू नये

मेडिकल दुकानात दोन-अडीच हजारांपासून मिळणारा हा बेड म्हणजे फुगीर बबलची पीव्हीसी गादी, एक छोटा पंप आणि दोन नळ्या. एकाआड एक ओळी काही मिनिटांनी फुगतात-बसतात, त्यामुळे माकडहाडावर सतत एकाच जागी दाब राहत नाही आणि पडून राहून होणाऱ्या जखमा (बेडसोर) टाळायला मदत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पैसे वसूल होतात, पण लावण्यात चूक झाली तर ती साधी गादीच.

हा बेड नेहमीच्या गादीवर अंथरायचा, दोन्ही टोकांच्या पट्ट्या गादीखाली खोचायच्या, पंप पायथ्याला अडकवायचा. नळ्यांना मुरड पडली की पंप घरघरत राहतो आणि अर्धे बबल मेलेले. पेशंट नसताना पंपावरचा हवा कमी-जास्त करायचा नॉब पूर्ण फिरवून बेड भरू द्या, वीस मिनिटं तरी लागतात. मग माणूस झोपवून नॉब वजनाप्रमाणे कमी करा.

नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नका, हात घालून बघा. पंजा उताणा करून बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवायचा. तिथले बबल बसलेले असतानाही हाडाखाली इंचभर हवेचा थर लागला पाहिजे. हाड थेट हाताला टेकलं तर हवेचा दाब कमी. बेड फळीसारखा टणक लागला तर जास्त. उशाकडचा भाग उचलून पुन्हा तपासा, कारण बसतं केलं की सगळा भार खाली येतो. तीस अंशांच्या वर फार वेळ ठेवलं तर माणूस घसरतो आणि कातडी ओढली जाते, ते दाबाइतकंच वाईट.

सर्रास होणारी चूक म्हणजे वर मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर चादर. एवढ्या थरांनी बबलचं काम झाकून टाकलं. एकच सुती चादर, सैलसर. पीव्हीसीवर घाम येतोच; डायपर ओला राहिला तर कातडी भिजून सोलते आणि दोष बेडला जातो.

महागडी गादी घ्यावी का? ब्रिटनमधल्या ११ रुग्णालयांत १९७२ रुग्णांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गादीवर अंथरायचा एअर बेड आणि पूर्ण एअर गादी यांत जखमा होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या जरा वर. पण त्यातल्या अंथरायच्या बेडचे हवेचे कप्पे निदान साडेआठ सेंटिमीटर उंच होते. आपल्या बबलची उंची त्याहून कमी. म्हणून वजनदार माणसाला, किंवा जखम आधीच खोल असेल तर, हा बेड पुरत नाही.

आणि त्या चाचणीत दर दहा जणांतल्या साधारण एकाला चांगल्या बेडवरही जखम झालीच, म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दोन, तीन की चार तासांनी वळवावं, याची तुलना अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमांत झाली (२०१३), फरक ठळक निघाला नाही. पण तिथे जाड फोमच्या गाद्या होत्या. घरच्या बबलवर सुरुवातीला दोन तासच धरा. टाच, घोटा, माकडहाड बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडत नसेल तर त्या बाजूवर पुन्हा झोपवायचं नाही. चोळायचंही नाही, खाली रबराची रिंगही नको.

मोठी उणीव विजेची. वीज गेली की हवा हळूहळू उतरते. नळ्या पंपापासून काढून दुमडून रबरबँड लावला तर बेड काही वेळ फुगलेला राहतो, फक्त अदलाबदल थांबते. पंप इन्व्हर्टरवर लावला तर ही भानगडच नाही, वीज नगण्य खातो. सेफ्टीपिन बेडच्या आसपास नको. आणि पॅचचं पाकीट खोक्यात आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या.